डेकवरचा पट आणि खालच्या माणसाचा शब्द

चाकूरपासून समुद्र शेकडो मैल दूर. आपल्यापैकी पुष्कळांना त्याचे पहिले दर्शन झाले ते मुंबईस पोट भरावयास गेल्यावर, काहींना गोव्याच्या सहलीत. अशा गावी विमानवाहू जहाजाच्या डेकवरील कामकाजाचा इतिहास सांगावयाचा, हे थोडे विपरीत वाटेल. परंतु आमच्या मते हा विषय वरून युद्धाचा दिसला तरी आतून श्रमाचा आहे. जागा थोडकी, माणसे फार, पळभराची उसंत नाही आणि चुकीची किंमत जिवाने द्यावयाची. असे काम शेकडो माणसांनी एकमेकांच्या भरवशावर कसे उरकावे, हा तो प्रश्न होय. साखर कारखान्याच्या गाडीतळावर हाच प्रश्न आहे, जिनिंगच्या आवारात आहे आणि आपल्याच तालुक्यातील लातूर रोड जंक्शनच्या यार्डातही आहे. समुद्रावर तो अधिक उघडा होऊन दिसतो, म्हणून आम्ही तिकडे वळलो.

दोन एकरांची जागा

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. विमानवाहू जहाज म्हणजे ज्याचा माथा सपाट केलेला आहे असे मोठे जहाज. त्या माथ्यावरून विमाने उडतात आणि त्यावरच परत उतरतात. त्यास खलाशी फ्लाइट डेक म्हणतात. आम्ही नुसते डेक म्हणू. डेकच्या खाली, जहाजाच्या पोटात, विमाने ठेवण्याची व दुरुस्तीची जागा असते, तिला हँगर म्हणतात. खालची विमाने वर आणावयास मोठ्या लिफ्ट असतात. आपल्या नौदलाचे पहिले विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ सुमारे ७०० फूट लांब होते आणि त्याची रुंदी १२८ फूट होती. हिशेब केला तर ही जागा फार तर दोन एकर भरते. दोन एकर रान म्हणजे काय, हे या सभागृहात कोणास समजावून सांगावयास नको.

या दोन एकरांत काय काय चालते ते पाहा. वीसेक विमाने पंख मिटून उभी आहेत. काहींच्या पोटात रॉकेलच्या जातीचे इंधन भरले जात आहे, काहींना बाँब टांगले जात आहेत. एखाद्याचे इंजिन बिघडले आहे. पुढच्या टोकाकडून विमाने उडत आहेत आणि मागच्या टोकाकडून, ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने, दुसरी विमाने उतरू पाहत आहेत. उतरणाऱ्याच्या टाकीत थोडकेच इंधन उरलेले असते. तो ‘थोडे थांबा’ ऐकू शकत नाही. खालची जमीन स्वतःच हलते आणि डुलते. शिवाय विमानांना समोरून वारा हवा, म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळे जहाज वाऱ्याकडे तोंड करून सरळ धावत राहते. युद्धात अशी सरळ चाल शत्रूच्या पाणबुडीला सोयीची पडते. तेव्हा जे करावयाचे ते झटपट.

हंगामात साखर कारखान्याच्या गाडीतळावर उभ्या राहिलेल्या उसाच्या गाड्या आठवा. मधल्याच एका गाडीचा आस मोडला की मागच्या सगळ्या अडकतात. कोणती गाडी कुठे, कोण कोणाच्या आड, कोणाला आधी काढावे, हे जो मुकादम डोक्यात ठेवतो त्याच्यावर गव्हाण चालू राहणे अवलंबून असते. डेकवरील विमानांचे कोडे त्याच जातीचे आहे. रेल्वेच्या यार्डात निदान रूळ असतात, डबा रुळाबाहेर जाऊ शकत नाही. डेकवर रूळ नाहीत. तेथे विमान कुठेही जाऊ शकते, समुद्रातसुद्धा.

वाळूच्या पिशव्या आणि माणसांचे हात

जहाजावर विमान उतरविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १८ जानेवारी १९११ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात झाला. यूजीन ईली नावाच्या वैमानिकाने ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या मचाणावर आपले विमान उतरविले. मचाणावर आडवे दोर ताणले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाखालचे आकडे दोरांत अडकले, पिशव्या ओढल्या गेल्या आणि विमान थांबले. आज डेकवर ज्या जाड पोलादी तारा विमानाला अडवितात, त्यांचे मूळ या वाळूच्या पिशव्यांत आहे.

पण जहाज तेव्हा नांगरलेले होते. चालत्या जहाजावर प्रथम उतरला तो एडविन डनिंग हा ब्रिटिश वैमानिक, २ ऑगस्ट १९१७ रोजी, ‘फ्युरियस’ या जहाजावर. त्याच्या विमानाला थांबविण्यासाठी तारा नव्हत्या. विमानाला जागोजागी पट्टे लावले होते. विमान डेकच्या वर तरंगत आले की खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी धावत जाऊन ते पट्टे पकडावयाचे आणि विमान हातांनी खाली ओढावयाचे, अशी योजना होती. तिने पहिल्या वेळी काम दिले. पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, असाच प्रयत्न करताना विमान कडेवरून समुद्रात गेले आणि डनिंग बुडाला.

या दोन प्रसंगांत पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. वैमानिकाचे नाव ग्रंथांत राहते. परंतु तो उतरला की नाही हे, निम्मे तरी, डेकवर उभ्या असलेल्या माणसांवर ठरते. एकट्याचा पराक्रम असे ज्यास म्हणतात, त्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असते. कामगारांत वावरलेल्या माणसास यात नवल वाटावयाचे नाही.

कोळशाच्या जहाजावरील शाळा

यानंतरचा मोठा टप्पा अमेरिकन नौदलाचा. त्यांचे पहिले विमानवाहू जहाज ‘लँग्ली’ हे १९२२ साली कामावर रुजू झाले. ते मुळात युद्धनौकांना कोळसा पुरविणारे जहाज होते. त्याच्या डोक्यावर सपाट डेक बसविला होता. १९२५ साली जोसेफ रीव्हज नावाचा अधिकारी या विमानदळाचा प्रमुख झाला. त्याने आपल्या माणसांपुढे प्रश्नांची लांबलचक यादीच ठेवली. विमाने किती वेगाने उडवावीत, किती वेगाने उतरवावीत, उतरल्यावर ठेवावीत कुठे, बिघडलेल्याचे काय करावे.

तोपर्यंतची रीत अशी की एक विमान उतरले की ते लिफ्टने खाली हँगरात न्यावयाचे, मग दुसरे उतरू द्यावयाचे. ब्रिटिशांनी ही रीत पुढेही पुष्कळ वर्षे चालविली. सुरक्षित खरी, परंतु वेळखाऊ. रीव्हजने ठरविले की उतरलेले विमान डेकवरच पुढच्या भागात ढकलून उभे करावयाचे आणि त्याच्यामागे डेकवर आडवा अडसर उभा करावयाचा. पुढचा वैमानिक चुकला तर अडसरात अडकेल, उभ्या विमानांवर आदळणार नाही. या एका बदलाने उतरण्यातील अंतर फार कमी झाले. ज्या जहाजावर आरंभी डझन-दीड डझन विमाने असत, तेथून थोड्याच वर्षांत चाळीसच्या वर विमाने काम करू लागली. जहाज तेच, लोखंड तेच. बदलली ती काम करण्याची मांडणी.

मात्र या मांडणीने नवे कोडे उभे केले. उतरलेली विमाने पुढे साठतात. पुन्हा उडावयाचे तर धाव घेण्यास समोर मोकळी जागा हवी, म्हणजे सगळी विमाने मागे न्यावयास हवीत. ती सगळी उडाली की उतरणाऱ्यांसाठी मागची बाजू मोकळी ठेवावयास हवी. म्हणजे दर खेपेस संपूर्ण डेकची उलथापालथ. ती करीत कोण? ढकलणारे खलाशी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन डेकवर एकेका विमानाला कित्येक माणसे खांदा लावून, दिवसातून अनेक वेळा, हलत्या जहाजावर, पुढून मागे आणि मागून पुढे ढकलीत असत. युद्धाच्या इतिहासात तोफांची संख्या मोजली जाते. या ढकलण्याचे मैल कोणी मोजले नाहीत.

डेकच्या हिशेबाने युद्धाचा निकाल कसा फिरतो, याचे उदाहरण ४ जून १९४२ रोजी पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटाजवळ घडले. जपानी सेनापती नागुमो यांच्याजवळ चार मोठी विमानवाहू जहाजे होती. सकाळी विमानांना जहाजांवर मारा करण्याचे टॉर्पेडो लावलेले होते. मग हुकूम आला की बेटावर पुन्हा हल्ला करावयाचा, जमिनीवर टाकावयाचे बाँब लावा. काम अर्धे झाले तोच अमेरिकन जहाजे दिसल्याची वार्ता आली. पुन्हा उलटा हुकूम. इतक्यात पहिल्या हल्ल्याला गेलेली विमाने परतली. इंधन संपत आलेले, त्यांना आधी उतरविणे भाग. वर डेक उतरणाऱ्यांनी व्यापलेला, खाली हँगरात शस्त्रे बदलणारी माणसे घायकुतीला आलेली. काढलेले बाँब कोठारात परत नेण्यास सवड नव्हती. ते तेथेच राहिले. सकाळी साडेदहाच्या सुमारास अमेरिकन विमानांचे बाँब पडले आणि काही मिनिटांत तीन जहाजे पेटली. चौथे त्याच दिवशी संध्याकाळी पेटले. हुकूम फिरविणे सोपे असते. हुकूम फिरला म्हणजे खालच्या माणसाच्या हातातले अर्धवट काम कुठे जाते, हे वरून दिसत नाही.

लाकडी पट

तेव्हा वरून दिसावयाचे कसे? यावर जो उपाय निघाला तो इतका साधा आहे की ऐकून हसू यावे. डेकला लागून एका खोलीत एक टेबल असते. त्या टेबलावर डेकचा लहान नकाशा असतो, प्रमाणशीर. प्रत्येक विमानाच्या आकाराचा एक पातळ तुकडा कापलेला असतो व त्यावर विमानाचा क्रमांक घातलेला असतो. खरे विमान डेकवर जेथे आणि ज्या दिशेस तोंड करून उभे, तेथे आणि त्याच दिशेस तोंड करून हा तुकडा टेबलावर उभा. विमान हलले की तुकडा हलवावयाचा. तुकड्यांवर निरनिराळ्या रंगांचे नट, वायसर, टाचण्या ठेवतात. एकीचा अर्थ इंधन भरावयाचे आहे, दुसरीचा अर्थ दुरुस्ती चालू आहे, तिसरीचा अर्थ पुढच्या फेरीत जावयाचे आहे. कानाला फोन लावलेला खलाशी डेकवरच्या माणसांकडून ऐकतो आणि तुकडे सरकवीत राहतो. पटाशेजारी डेकचा मुख्य अधिकारी बसलेला असतो. हालविण्याआधी तो तुकड्यांवर चाल खेळून पाहतो. हे विमान येथून वळविले तर त्याचा पंख शेजारच्याला लागेल काय, लिफ्ट अडेल काय, हे त्याला खऱ्या विमानाला हात न लावता कळते.

अमेरिकन खलाशी या पटाला ‘उईजा बोर्ड’ म्हणतात. मृतात्म्यांना बोलावून अक्षरांवर वाटी फिरविण्याचा जो प्रकार आपल्याकडे प्लँचेट म्हणून ओळखला जातो, त्याच्या पाटाचे हे नाव. तुकडे आपोआप फिरल्यासारखे दिसतात म्हणून ही थट्टा. अणुशक्तीवर चालणाऱ्या प्रचंड जहाजांवरही हा पट कित्येक दशके टिकला. पुढे संगणकाचे पडदे आले तरी टेबल एकदम अडगळीत गेले नाही. वीज गेली तरी लाकडी तुकडा जागचा हलत नाही, आणि चार माणसे एकाच टेबलाभोवती उभी राहून एकच चित्र पाहू शकतात, हे त्याचे दोन गुण.

परंतु पट खरा राहतो कशाने? डेकवरच्या माणसाने खरे सांगितले तर. त्याने विमान हलविले आणि कळविले नाही, किंवा ब्रेक नीट लागत नाही हे भीतीने दडविले, तर खोलीतला पट खोटा होतो आणि त्या खोट्या पटावरून दिलेला प्रत्येक हुकूम माणसे मारू शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

रंग आणि खुणा

डेकवर इंजिनांच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही. म्हणून तेथे रंगांची व खुणांची भाषा झाली. अमेरिकन जहाजांवर पिवळा अंगरखा विमानांना वाट दाखविणाऱ्याचा. त्याच्या खुणेशिवाय विमान हलावयाचे नाही. निळा ढकलणाऱ्यांचा आणि चाकांना उटी लावणाऱ्यांचा. तांबडा शस्त्रे हाताळणाऱ्यांचा आणि आग विझविणाऱ्यांचा, हिरवा उड्डाणयंत्राच्या व तारांच्या कामगारांचा, तपकिरी एकेक विमान सांभाळणाऱ्याचा, पांढरा सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्याचा. इंधन भरणाऱ्यांचा रंग जांभळा. त्यांना सगळे गमतीने ‘द्राक्षे’ म्हणतात. आपल्या नौदलातही विमाने हलविणाऱ्या माणसांची स्वतंत्र शाखा आहे आणि रंगीत अंगरख्यांची हीच पद्धत आहे.

खुणांमध्ये एक बारीक नियम आहे. अमेरिकन डेकवर कमरेच्या वर केलेली खूण वैमानिकासाठी, कमरेखाली केलेली खूण डेकवरील माणसांसाठी. एकच माणूस एकाच वेळी दोघांशी बोलतो, तरी घोटाळा होत नाही. रात्री हातात दिव्यांच्या कांड्या घेऊन हेच चालते. असले नियम कोणा एका पंडिताने बसून लिहिलेले नव्हेत; चुका, जखमा आणि मरण यांतून ते हळूहळू घडलेले आहेत.

१९५०च्या सुमारास जेट विमाने आली, वेग वाढला आणि जुना सरळ डेक अपुरा पडू लागला. त्या वेळी तीन ब्रिटिश शोधांनी वाट काढली. डेनिस कॅम्बेल या नौदल अधिकाऱ्याने १९५१ साली उतरण्याची पट्टी थोडी तिरपी करण्याची कल्पना मांडली. तार चुकली तर वैमानिकाने पुढे उभ्या विमानांवर न आदळता तसेच निघून जावे आणि पुन्हा फेरी मारावी. कॉलिन मिचेल यांनी वाफेवर चालणारी गोफण, म्हणजे स्टीम कॅटपल्ट, तयार केली. निकोलस गुडहार्ट यांनी आरसा आणि दिवे यांची योजना केली, जिच्यामुळे वैमानिकाला आपण उंच आहो की नीच हे स्वतःच दिसू लागले.

मुंबई बंदर : १९४६ आणि १९६१

हे तिन्ही शोध ज्या जहाजावर बसविले गेले, ते आपले ‘विक्रांत’. इंग्लंडात १९४३ साली ‘हर्क्युलिस’ या नावाने त्याचे काम सुरू झाले होते. महायुद्ध संपले आणि ते अर्धवट पडून राहिले. भारताने १९५७ साली ते विकत घेतले आणि बेलफास्टच्या गोदीत पुरे करवून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते नौदलात दाखल झाले. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी त्यावर सी-हॉक हे जेट विमान उतरविले. हेच ताहिलियानी पुढे नौदलाचे प्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी जहाज मुंबईस आले तेव्हा पंडित नेहरू स्वागतास हजर होते. महिना-दीड महिन्यातच गोवामुक्तीच्या वेळी ते कोकण किनाऱ्यालगत गस्तीवर होते.

त्याच मुंबई बंदराने पंधरा वर्षांपूर्वी काय पाहिले होते, हे विसरता कामा नये. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक तळावरील खलाशांनी अन्नास हात लावण्याचे नाकारले. तक्रार निकृष्ट जेवणाची होती आणि अधिकाऱ्यांच्या शिवराळ, अपमानकारक बोलण्याची होती. ती रीतसर करून झाली होती. कोणी ऐकली नव्हती. दोन-तीन दिवसांत बंड अनेक जहाजांवर आणि तळांवर पसरले. २२ फेब्रुवारीस मुंबईच्या गिरणी कामगारांनी खलाशांच्या पाठिंब्यास हरताळ पाडला आणि रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. खालच्या माणसाचा शब्द वर पोचण्याची वाट बुजली म्हणजे काय होते, याचा तो धडा होय. त्याच नौदलाला पंधरा वर्षांनी असे जहाज चालवावयाचे होते, ज्याच्या डेकवर खालच्या माणसाचे ऐकल्यावाचून एक दिवस निभणे शक्य नव्हते.

‘विक्रांत’वर दोन तऱ्हांची विमाने होती. सी-हॉक जेट, त्याचा झोत मागून भाजतो. ‘आलिझे’ हे फ्रेंच विमान पंख्याचे, त्याचा फिरता पंखा पुढून कापतो आणि अंधारात तो दिसत नाही. म्हणजे डेकवरच्या माणसाला एकाच वेळी दोन उलट सवयी अंगी बाणवाव्या लागत.

१९७१च्या युद्धात या डेकची कसोटी लागली. जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला भेगा पडल्या होत्या. बॉयलर म्हणजे काय हे कारखान्यात राबलेल्या माणसास ठाऊक आहे. भेग पडलेला बॉयलर विझविण्याखेरीज गत्यंतर नसते. एरवी २४ नॉट वेगाने धावणारे जहाज जेमतेम १६ नॉटपर्यंत आले. विमानाला समोरून जो वारा हवा तो काही निसर्गाचा, काही जहाजाच्या वेगाचा. जहाज मंदावले की डेकवरचा वारा पडतो, आणि प्रत्येक उड्डाणात व उतरण्यात हाती राहणारी सोडवण कमी होते. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली अशा जहाजावरून ४ डिसेंबरला सी-हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले आणि पुढेही दिवसामागून दिवस, आलिझे विमानांनी तर रात्रीही, हे चालू राहिले. वैमानिकांचा गौरव झाला, तो योग्यच झाला. परंतु आमची विनंती अशी की त्या वाचनात तीन बॉयलरांवर वाफ टिकविणारे आगवाले आणि दोन एकरांत विमाने फिरविणारे हातही वाचकांनी पाहावेत.

नियम ढिला पडतो तेव्हा

२९ जुलै १९६७ रोजी व्हिएतनामजवळ ‘फॉरेस्टल’ या अमेरिकन जहाजावर, उड्डाणाच्या तयारीत असताना, एका विमानाखालील रॉकेट आपोआप सुटले आणि समोर उभ्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळले. इंधन पेटले. जवळचे बाँब थोड्याच वेळात फुटू लागले. आग विझविण्याचे शिक्षण घेतलेली तुकडी पहिल्या स्फोटांतच बळी पडली. मागून आलेल्यांना ते शिक्षण नव्हते, म्हणून एकाने मारलेला फेस दुसऱ्याच्या पाण्याने वाहून गेला. १३४ माणसे मेली.

चौकशीत निघाले ते आपल्या ओळखीचे आहे. रॉकेटाची विजेची जोडणी अगदी शेवटी, उड्डाणाच्या जागी गेल्यावर करावयाची, असा नियम होता. घाईपोटी ती आधीच, विमानांच्या दाटीत करण्याची वहिवाट पडली होती. ज्यांना हे दिसत होते त्यांना ‘थांबा’ म्हणण्याची सोय उरली नव्हती, कारण कामाचा धडाका थांबविणे हाच तेथे गुन्हा झाला होता. यानंतर अमेरिकन नौदलाने आग विझविण्याचे शिक्षण एका तुकडीपुरते न ठेवता जहाजावरील सर्वांना देण्याचे धोरण धरले.

१९८७ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे तीन संशोधक, रॉकलिन, ला पोर्ट आणि कार्लीन रॉबर्ट्स, यांनी या डेकवरील कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतके धोक्याचे काम इतक्या कमी अपघातांत कसे होते, हे त्यांना पाहावयाचे होते. माणसे कोवळ्या वयाची, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी. त्यांस आढळले ते असे. एरवी जहाजावर हुद्द्याची उतरंड कडक आहे. पण डेकवर काम ऐन रंगात येते तेव्हा हुद्दा मागे पडतो आणि ज्याला त्या क्षणी माहिती आहे त्याचा शब्द चालतो. धोका दिसला तर सर्वांत खालच्या हुद्द्याच्या खलाशानेही वरच्याला न विचारता उड्डाण थांबवावे; हा त्याचा अधिकार तर आहेच, कर्तव्यही आहे.

याला जोडून ‘कार्ल विन्सन’ या जहाजावरची एक हकीकत नोंदलेली आहे. एका खलाशाच्या लक्षात आले की आपले एक हत्यार डेकवर कुठे तरी पडले आहे. लहानसे हत्यारही जेट इंजिनात ओढले गेले तर इंजिन फुटते. म्हणून तर खलाशी ओळीने उभे राहून, माना खाली घालून, डेकवरचा खिळा न् खिळा वेचीत चालतात. त्याने ते कळविले. हवेत असलेली सगळी विमाने जमिनीवरील तळांकडे वळविण्यात आली, डेक शोधला गेला आणि हत्यार सापडले. दुसऱ्या दिवशी डेकवर सर्वांसमक्ष त्या खलाशाचा सत्कार झाला.

जमिनीवरील आपला पट

आता आपल्याकडे वळू. आम्ही एका कारखान्यात पाहिले आहे, नाव घेण्याचे कारण नाही, की पाना हरवला असे सांगितले तर त्याची किंमत पगारातून कापीत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पाना हरवला असे कोणी सांगेनासे झाले. मग तो पाना यंत्रातच सापडे, यंत्राचा दाता मोडल्यावर, आणि कधी माणसाचे बोट गेल्यावर. व्यवस्थापकाच्या खोलीत हजेरीपट, उत्पादनाचा तक्ता, सगळे जागच्या जागी लटकत होते. तो पट खोटा होता, कारण त्याला खरे सांगणे महाग पडत होते.

१९८४ साली भोपाळची विषारी वायूची दुर्घटना झाली. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांतील कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. योगायोगाने बर्कलीच्या संशोधकांचा अभ्यास त्याच वर्षीचा. दोहोंतील अंतर पाहण्याजोगे आहे. आपल्या दुरुस्तीने कामगाराने मालकास व निरीक्षकास कळवावे, उपाय मालकाने करावा, इतके म्हटले. डेकवरच्या पोराला मात्र हात वर करून काम तेथल्या तेथे थांबविता येत होते. कायद्यांची नावे व कलमे बदलत जातात. सांगणे आणि थांबविणे यांतील हे अंतर बुजविण्याची चळवळ कामगारांनाच करावी लागणार आहे.

यावर मालक मंडळी म्हणतील की प्रत्येक जण काम थांबवू लागला तर काम व्हावयाचे कसे. त्याचे उत्तर डेकच देतो. मिनिटामिनिटाला विमान उतरविणाऱ्या जागेहून अधिक घाई कोणत्या गाडीतळावर आहे? तेथे हा अधिकार दिला म्हणून काम बंद पडले नाही, आणि त्याचा सरसकट दुरुपयोगही झाला नाही. कारण थांबविणारा स्वतः त्याच डेकवर उभा असतो. उलट ही गोष्टही आम्ही आमच्या कामगार बंधूंस सांगू इच्छितो की अधिकाराबरोबर शिस्त येते. पिवळ्या अंगरख्याच्या खुणेशिवाय चाक हलत नाही, आणि आपले हत्यार मोजून घेणे व मोजून परत ठेवणे हे तेथे कोणास कमीपणाचे वाटत नाही.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. काही वर्षे मुंबईत त्याचे संग्रहालय होते, ते २०१२ साली बंद झाले. २०१४ साली जहाज लिलावात गेले आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडले गेले. तोडणारे हातही मजुरांचेच होते. त्याच्यावरची सी-हॉक आणि आलिझे ही विमाने ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी गोव्यास बोगमाळोच्या नौदल वायुसंग्रहालयात जावे. जवळच दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर जमिनीवरच डेकसारखी पट्टी बांधून तीवर तारांनी विमान अडविण्याचा सराव केला जातो. तेथील तयारीनंतर ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी भारतात बनलेले हलके लढाऊ विमान ‘विक्रमादित्य’ या जहाजाच्या डेकवर उतरविले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीच्या गोदीत भारतीय कामगारांनी बांधलेले नवे ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाले. नाव तेच, जहाज पुष्कळ मोठे.

वाळूच्या पिशव्यांपासून येथवरचा हा प्रवास सव्वाशे वर्षांच्याही आतला आहे. या काळात विमाने बदलली, जहाजे बदलली, लाकडी तुकड्यांशेजारी संगणकाचे पडदे आले. पटाची गरज मात्र गेली नाही, आणि पटाला खरे ठेवणाऱ्या माणसाचीही गेली नाही. येत्या हंगामात आपल्या भागातील गाडीतळावर, जिनिंगमध्ये, बांधकामावर जो कोणी मुकादम किंवा व्यवस्थापक उभा राहील, त्याने एवढे करून पाहावे : पहिल्या दिवशीच माणसांना सांगावे की धोका दिसला तर हात वर करा, काम थांबेल, आणि हात वर करणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही. आणि पहिल्यांदा जो हात वर करील, त्याला चार माणसांसमोर शाबासकी द्यावी.